केस गेले, केस मिटली

आमच्या मामंजींनी जेवताना मीठ मागितलं की शेजारच्या ताई वाटी घेऊन दारात यायच्या. यात अतिशयोक्ती असलीच तर इतकीच, की ती वाटी नसून बरणी असायची. मामंजी म्हणजे माझे सासरे. रोज सकाळी देवापुढे दिवा लावला की मी वहीत चार ओळी लिहिते. दूध नासलं, पाणी उशिरा आलं, अमकीवर उगाच चिडले, देवा क्षमा कर, बहुतेक वेळा एवढंच असतं. आज मामंजींविषयी लिहायला बसले आहे, आणि ते पलीकडच्या खोलीतून विचारताहेत की सूनबाई, आज देवाला एवढं काय सांगतेस. मी लिहिते आहे हे आता रस्त्यावरच्या माणसांनाही कळलं.

मामंजींनी नोकरीभर कोर्टात पुकारा करण्याचं काम केलं. साहेबांच्या दालनाबाहेर उभं राहायचं आणि ज्याची पाळी आली त्याच्या नावाने हाक मारायची. तेव्हा ना भोंगा होता ना भिंतीवर उमटणारे लाल आकडे. तो माणूस जिन्याखाली असो, चहाच्या टपरीवर असो नाहीतर झाडाखाली डुलक्या काढत असो, नाव तिथवर पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर माणूस गैरहजर, आणि गैरहजर माणसाचं कोर्टात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पहिलवान दंड कमावतो तसा मामंजींनी आवाज कमावला. आखाडा सुटला की पहिलवानाचे दंड उतरतात. आवाज उतरत नाही.

कामात त्यांची एक रीत होती. सकाळी लवकर आवारात फिरून ते त्या दिवशीच्या माणसांना हुडकायचे आणि विचारायचे, तुमचं नाव कसं म्हणायचं, घरी काय म्हणतात. कागदावर काहीही छापलेलं असो, मामंजी माणसाला त्याच्या आईने मारली असती तशी हाक मारत. एकदा साहेब त्यावरून रागावले, तर म्हणाले, चुकीच्या नावाने बोलावलं तर निम्मा माणूस बाहेरच राहतो, साहेब. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून इतकं ऐकलंय की भाजी चिरता चिरता त्यांच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणते.

घरात मात्र या आवाजाने माझी पंचाईत केली. मी मनातल्या मनात प्रार्थना करणारी, ते खणखणीत. देवाच्या दारी एकाच वेळी दोन अर्ज गेले तर आधी कोणाचा ऐकू जाईल? आमच्या ह्यांचं तिसरंच. हे कुलुपं दुरुस्त करतात. गावची कुलुपं उघडतात आणि स्वतःच्या तोंडाला लावून घरी येतात.

मामंजींच्या आवाजाला जराही न बिचकणारी एकच, माझी मुलगी. सात वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. आजोबा-नातीचा आवडता खेळ कोर्टाचा. स्वयंपाकघरातलं स्टूल म्हणजे आरोपीचा पिंजरा, लाटणं म्हणजे साहेबांचा हातोडा. भिंगरी न्यायाधीश, मामंजी पुकारा करणार. आरोपी बदलत असत. कधी बाहुली, कधी मांजर, एकदा मी. दुधावरची साय मी खाते आणि नाव मांजराचं पुढे करते, असा आरोप होता. मांजर निर्दोष सुटलं. दाखल, तारीख, निकाल हे शब्द पोरीला बाराखडीच्या आधी येत होते. पेशी म्हणजे साहेबांपुढे उभं राहण्याची पाळी, हेही.

गेल्या वर्षी भिंगरी फिरायची थांबली. रोज दमले म्हणायची, पाय दुखतात म्हणायची, दप्तर टाकून भिंतीशी बसायची. मी हुशार. मी म्हटलं, शाळा चुकवायची नाटकं. अंगावर निळे डाग दिसले तेव्हा म्हटलं, कुठेतरी धडपडली असेल. ताप येत-जात राहिला तेव्हा मी टॉनिकची बाटली आणली आणि जपाची माळ दुप्पट केली. शेवटी ह्यांनी तोंडाचं कुलूप काढलं आणि एवढंच म्हणाले, चल, मोठ्या दवाखान्यात.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला खोलीत बसवून, दार लावून, सावकाश सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे. मी विचारलं, "तिला दूध चालेल ना?" त्या म्हणाल्या, चालेल, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हाडांच्या आत रक्त तयार होण्याचा कारखाना असतो. तिथे कच्च्या पांढऱ्या पेशी भराभर वाढल्यात. कामाच्या तर नाहीतच, पण जागा अडवून बसल्यात, म्हणून चांगल्या रक्ताला जागा नाही. त्यामुळे फिकटपणा, डाग, ताप. मुलांमधल्या या प्रकारात बहुतेक मुलं बरी होतात, पण औषधं दोन-तीन वर्षं चालतात आणि मध्येच सोडायची नसतात. ताप आला तर घरी वाट बघायची नाही, तडक यायचं. केस जातील, पण परत येतील. आणि मुलीला तिच्या वयाला कळेल असं खरं ते सांगा.

बाहेर समाजसेविका ताई भेटल्या. म्हणाल्या, आठवड्यातून एकदा आम्ही आईवडिलांना एकत्र बसवतो, या. मी पदर सावरून सांगितलं की आम्हाला गरज नाही, आमच्या पाठीशी देव आहे. त्या म्हणाल्या, त्यालाही घेऊन या, खुर्च्या भरपूर आहेत. मला फार राग आला. राग एवढ्याचसाठी, की उत्तर सुचलं नाही.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. देवाला सांगितलं, पोरीच्या पेशी ताळ्यावर येईपर्यंत चहा सोडला. चहाशिवाय मी कशी असते ते देवाला ठाऊक नसावं. घरच्यांना ठाऊक होतं. आठवड्याने साखर सोडली. तरी समाधान होईना, तेव्हा आठवड्यातून एक दिवस मौन धरलं. माझ्या सगळ्या व्रतांत घरच्यांना पावलं ते हेच. हे तर त्या दिवशी दुकानातून लवकर यायला लागले.

आणि रोज मी मनातल्या मनात माझी पापं चाळत होते. हे कशामुळे झालं? कोणाचं वाईट चिंतलं? साय खाल्ली, पाहुणे यायच्या वेळी घराला कुलूप लावून माडीवर लपून बसले, प्रार्थना करता करता एकदा घोरले. एवढ्या किरकोळ पापांवर एवढी शिक्षा बसत नव्हती, म्हणून मी आणखी मोठं पाप शोधत राहायची.

मामंजींना सांगायचं नाही, असं मीच ठरवलं. त्यांचं हृदय तोळामासा, हे एक कारण. खरं कारण आवाज. मामंजींना कानात बोलता येत नाही. त्यांना कळलं की गल्लीला कळणार, आणि मग येणारा-जाणारा माझ्या पोरीकडे बघून चुकचुकणार. त्यांना आम्ही सांगितलं, अंगात रक्त कमी आहे, काही दिवस दाखल करून घेतलंय. भिंगरीलाही तेवढंच. खरं ते सांगा, हे डॉक्टरबाईंचं वाक्य मी अगदी मन लावून ऐकलं होतं आणि पाळलं नव्हतं. आमच्यात बोलतानाही आम्ही तो शब्द काढत नसू. 'ते' म्हणायचो.

महिन्याभराने भिंगरी घरी आली. आता आठवड्याला एकदा औषधासाठी जायचं होतं. स्वयंपाकघरात मी आणि हे हळू आवाजात बोलत असू. मोठ्या आवाजाच्या माणसाला कमी ऐकू येतं असा माझा हिशेब होता. तो बरोबरच निघाला. मामंजींना कमी ऐकू येतं, म्हणजे शब्द ऐकू येतात आणि शब्दांची शेपटं गळून पडतात. हे विचारायचे, पेशी किती. मी सांगायची, कमी झाल्यात, पुढच्या आठवड्यात परत तारीख दिलीय. आणि केस? केस जाणारच म्हणाले, पण परत येतात. गेले की गेली, हे भिंतीपलीकडे कोणाला कळणार?

नोकरीभर कोर्टाच्या दाराशी उभा राहिलेला माणूस. त्याने दाखल ऐकलं, पेशी ऐकली, तारीख ऐकली, केस जाणार हेही ऐकलं. आपला मुलगा कुलूपवाला. कुठेतरी चोरी झाली असणार, पोराचं नाव आलं असणार, आणि म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून लपवताहेत. बिचारे दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला वाटलं, माझ्या हातची चव गेली चहा सोडल्यापासून.

तिसऱ्या दिवशी दारात मामंजी उभे, अंगात नोकरीतला जुना कोट, आणि मागे त्यांच्या ओळखीचे वकीलकाका, बगलेत फायली धरलेले. हे दुकानात गेलेले. आणि माझा नेमका मौनाचा दिवस.

मी खुर्ची पुढे केली. वकीलकाका बसले, चष्मा पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, आधी एवढं सांगा. केस कोणावर आहे?"

मला वाटलं, भिंगरीच्या केसांचं यांना कुठून कळलं? बोलायचं तर नाही. मी डोक्याला हात लावला.

"डोक्यावर आहे म्हणतात," वकीलकाका मामंजींना म्हणाले. "म्हणजे चांगलीच मोठी दिसते." मग माझ्याकडे वळून, "अगदी हाताबाहेर गेलीय का?"

मी मान हलवली आणि बोटांनी केस गळताना दाखवले. वकीलकाकांनी फाईल मिटली. म्हणाले, जामिनाचं बघायला हवं. मामंजींचा चेहरा राखेसारखा झाला आणि त्यांनी, म्हणजे त्या आवाजाने, विचारलं की माझ्या पोराने नेमकं चोरलं काय.

तेव्हा माझं मौन मोडलं. मोडलं कसलं, फुटलं. मी म्हटलं, "कोणी काही चोरलं नाही हो. भिंगरीचे केस गळताहेत. तिला रक्ताचा कॅन्सर आहे."

तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला, तोही वकिलासमोर. वकीलकाका उठून उभे राहिले. मामंजी मात्र खाली बसले, आरोपीच्या त्या स्टुलावरच. आणि मग जे झालं ते आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मामंजी इतक्या हळू बोलले की मलाच पुढे वाकावं लागलं.

"पोरगी वाचेल ना?"

म्हणजे त्यांना कानात बोलता येत होतं. एवढी वर्षं तशी वेळ आली नव्हती, इतकंच.

मी डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, यावेळी दुधाचा विषय न काढता. आम्ही दोघं रडलो, वकीलकाकांनी फी घेतली नाही, आणि दाराआड उभी असलेली भिंगरी कोणालाच दिसली नाही.

पुढच्या वेळी मामंजी म्हणाले, मी येणार. दवाखान्यातल्या त्या मोठ्या दालनात भिंतीलगत बाकं आहेत. सगळी पोरं तोंडाला मास्क लावून आईबापांना चिकटून बसलेली, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. नर्सबाई नाव घेतात, पोरगं आत जातं, हाताला औषधाची नळी लागते. त्यांनी भिंगरीचं कागदावरचं नाव घेतलं, आणि भिंगरी सरळ बाकाखाली शिरली. बाकाचा पाय दोन्ही हातांनी धरला. मी ओढलं तर किंचाळली. नर्सबाईंनी समजावलं, ह्यांनी खेळणं घेण्याचं कबूल केलं. ती हलेना. डॉक्टरबाई आतून आल्या आणि मला बाजूला म्हणाल्या, जबरदस्ती करून एकदा जमेल, पण दोन-तीन वर्षं नाही जमणार. ही आतून तयार झाली पाहिजे.

मी फरशीवर बसून विचारलं, काय झालं गं.

"मी येणार नाही. मी काही नाही केलं."

"अगं, कोण म्हणतं केलंस म्हणून?"

"वकील आले होते. माझ्यावर केस आहे. कॅन्सरची." पोरीने कॅन्सर हे कायद्याचं कलम समजलं होतं. मग अगदी बारीक आवाजात, "मी टॉनिक कुंडीत ओतत होते. म्हणून ना?"

ते कुंडीतलं झाड एकाएकी का तरारलं, याचं श्रेय मी माझ्या जपाला दिलं होतं. पण तेव्हा हसू कुठलं यायला. काहीतरी मोठं, धीराचं बोलावं म्हणून मी म्हटलं, नाही राणी, देव कधीकधी आपली परीक्षा बघतो.

"मग मी नापास झाले?"

एवढी माळ ओढली, त्यात हा प्रश्न कधी आला नव्हता.

मामंजींनी मला बाजूला केलं. एक हात बाकावर, एक ह्यांच्या खांद्यावर, असे ते टप्प्याटप्प्याने खाली गेले आणि त्यांनी मास्क लावलेलं तोंड बाकाखाली घातलं. मास्कमुळे आवाज निम्मा होईल अशी डॉक्टरबाईंची समजूत असावी.

"साहेब," ते नातीला म्हणाले. खेळात ते तिला साहेबच म्हणतात. "मी जन्मभर नावं पुकारली. ते सगळे चोर होते का?"

भिंगरीने बाकाचा पाय आणखी घट्ट धरला.

"कोणी साक्षीला आलेला असायचा. कोणी कागदावर शिक्का घ्यायला. कोणाचा तर काही संबंधच नसायचा, नुसतं नाव आलेलं. पुकारा म्हणजे बोलावणं. पुकारा म्हणजे गुन्हा नव्हे."

"मग पेशी?"

"त्या रक्तातल्या निघाल्या. मीही फसलो. मी तर वकील केला."

"आणि केस?"

"डोक्यावरचे. हे कोर्ट नाही, साहेब. इथे आरोपी नसतो. इथे फक्त आजारी माणूस असतो."

भिंगरीने बाकाच्या पायावरचा एक हात सोडला. मग म्हणाली, "साक्षीदार आणा."

मामंजींनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या बाई भल्या. पांढऱ्या कोटासकट फरशीवर बसल्या आणि बाकाखाली बघून म्हणाल्या, "टॉनिक ओतल्याने हा आजार होत नाही. खोटं बोलल्याने, मारामारी केल्याने होत नाही. तुझ्यामुळे झालेला नाही, आईबाबांमुळेही नाही. बहुतेक वेळा का होतो, ते आम्हालाही माहीत नसतं. एकाचा दुसऱ्याला लागतही नाही."

"मोठ्याने सांगा," मामंजी म्हणाले, "मागच्यांना ऐकू गेलं नाही." आणि त्यांना राहवलं नाही, तेच सगळं त्यांनी स्वतः पुकारून सांगितलं. चुकीमुळे होत नाही. लागत नाही. औषधाची खिडकी उघडून आतला माणूस बघायला लागला.

मग समोरच्या बाकावरचा एक बाप, मांडीवर मुलगा झोपलेला, खाली बघत म्हणाला की बायकोला याच्या वेळी दिवस असताना मी तिला गावाहून प्रवास करायला लावला होता, त्याने तर नाही ना. डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही. कोपऱ्यातल्या एका बाईंनी विचारलं, घरात भांडणं फार व्हायची, त्याने? नाही. एका आजीने विचारलं, शेजारी आमच्या नातवाला खेळायला घेत नाहीत, लागतं म्हणतात. अजिबात लागत नाही, माझं नाव सांगा त्यांना. एकेक जण विचारत गेला. जो तो आपापलं पाप घरून बांधून घेऊन आला होता. समाजसेविका ताई दारात उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. म्हणाल्या, मी ही बैठक कधीपासून बोलावतेय, कोणी येत नाही. बाकाखाली बोलवायला हवी होती तर.

आणि मग मी हात वर केला. शाळेत केला नसेल इतका सरळ. मी म्हटलं, डॉक्टरबाई, मी प्रार्थना करता करता एकदा झोपले होते. घोरलेसुद्धा.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही हो. त्यानेही नाही."

देव माझ्यावर रागावला नव्हता. इतके दिवस मीच त्याच्या नावाने माझ्यावर नोटिसा काढत होते.

बाकाखालून भिंगरीचं डोकं बाहेर आलं, केसांची बेटं राहिलेलं. "आई, तुलापण वाटत होतं?" मी म्हटलं, हो. तिने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. मग आजोबांना विचारलं, शिक्षा नाही, तर सुई कशाला. मामंजी म्हणाले, सुई औषधाची आहे, शिक्षेची नव्हे. दुखते का? दुखते, ते मी नाही म्हणणार नाही. तिने विचार केला आणि निकाल दिला की आत जाईन, पण पुकारा आजोबांनी करायचा, आणि घरच्या नावाने.

मामंजी उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि भिंगरीच्या नावाचा असा पुकारा केला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. भिंगरी फ्रॉक झटकून म्हणाली, "हजर," आणि आपल्या पायांनी आत गेली.

तेव्हापासून औषधाच्या दिवशी मामंजी दाराशी उभे असतात. सकाळी बाकांवरून फिरून ते पोरांना विचारून ठेवतात, तुला घरी काय म्हणतात. पिटुकली, भोपळा, साहेबराव, काय काय नावं असतात. नर्सबाई कागदावरचं नाव तपासून खूण करतात आणि हे घरचं पुकारतात. पोरं हजर म्हणून आत जातात. रडत जातात काही, पण जातात. आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा असं डॉक्टरबाईंनी बजावलंय. खालची म्हणजे कोणती, यावर अजून एकमत नाही. बैठकीला आता मीही जाते. देवालाही नेते, खुर्च्या खरंच भरपूर आहेत.

गल्लीला अर्थातच कळलं. मामंजींनीच सांगितलं, खिडकीतून, एकदाच आणि सगळ्यांना. शेजारच्या ताई चुकचुकल्या नाहीत. ह्यांना दुकानात आणि मला दवाखान्यात थांबावं लागतं त्या दिवशी मऊ भाताचं पातेलं आणून ठेवतात. मिठाची बरणी असतेच.

चहाचं मी देवाला सांगून टाकलं. म्हटलं, तू मागितला नव्हतास, मीच गळ्यात मारला होता, आता परत घेते. मौन तेवढं चालू ठेवावं अशी ह्यांची फार इच्छा होती.

औषधं अजून पुष्कळ दिवस चालायची आहेत. अधूनमधून ताप येतो, आम्ही तडक पळतो. पण परवा भिंगरीच्या डोक्यावर हात फिरवला तर तळव्याला काहीतरी मऊ लागलं, नव्या ब्रशासारखं. मामंजींनी तिला उजेडात नेऊन नीट तपासलं आणि लगेच वकीलकाकांना फोन लावला. मोठ्याने म्हणाले, केस परत आले.

पलीकडचे वकीलकाका मला इथे ओट्यापाशी ऐकू आले. विचारत होते, "परत आली? आता कोणत्या कोर्टात?"